दुसरं बिस्किट

आमच्या ओल्डेवीर गावात माणसाचं डोकं ठिकाणावर आहे की नाही, हे बिस्किटाच्या डब्यावरून ठरतं. पाहुणा येतो, कॉफी ओतली जाते, डबा उघडतो, एकदा सगळ्यांपुढून फिरतो, प्रत्येक जण एक बिस्किट उचलतो आणि झाकण बंद होतं. झाकणाचा तो टक् आवाज ऐकला की पाहुण्यालाही बरं वाटतं. आपण भल्या घरात बसलोय अशी त्याची खात्री पटते. बाहेरचे लोक याला कंजूषपणा म्हणतात. त्यांना काय कळतंय! कंजूष माणूस एकही देत नाही, उधळ्या माणूस मोजत नाही. एक देणारा माणूस विचार करून देतो.

म्हणून फेब्रुवारीतल्या एका दुपारी आफ्के आत्याने तोच डबा दुसऱ्यांदा माझ्यापुढे धरला, तेव्हा मी डब्याकडे न बघता तिच्याकडे बघितलं.

"घे की, हार्मेन."

"झालं की माझं, आत्या."

"मग परत घे. बिस्किट आहे, बाप्तिस्मा नाही एकदाच घ्यायला."

मी घेतलं. लोण्याचं, वर बदामाचा तुकडा असलेलं, एरवी मला फार आवडणारं ते बिस्किट त्या दिवशी मी बशीतच ठेवलं. आत्या माझ्याकडे पाहून गोड हसत होती. हेही लक्षण चांगलं नव्हतं. आत्या हसायची, पण गोड कधीच नाही.

आफ्के आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वय शहात्तर. निवृत्त होईपर्यंत ती गाडी चालवण्याच्या परवान्याची परीक्षा घ्यायची. शेजारच्या सीटवर बसून, एकही शब्द न बोलता, आमच्या पंचक्रोशीतल्या निम्म्या लोकांना तिने नापास केलं. लोक अजूनही बाजारात तिला पाहिलं की नकळत पाठ ताठ करतात. नवरा डौवे गेल्यापासून ती कालव्याकाठच्या घरात एकटी राहते. तो गेला त्या हिवाळ्यात तिला अंथरुणातून उठवेना, तेव्हा डॉक्टरांनी सकाळची एक गोळी सुरू केली, मन ताळ्यावर राहावं म्हणून. ती गोळी आत्याने कुणापासून लपवली नव्हती आणि कुणाला सांगितलीही नव्हती. चार घरं पलीकडे राहत असल्यामुळे तिच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असते. मी शाळेत इतिहास शिकवतो, म्हणजे घडून गेलेल्या गोष्टी मला उशिरा कळतात, याचा पगार मला मिळतो.

तिचा मुलगा वीब्रेन उट्रेख्टला असतो. कंपन्यांना त्यांची कोणती माणसं नकोशी झाली आहेत हे शोधून देणं हा त्याचा व्यवसाय. आईवर त्याचं प्रेम आहे, पण सवय कुठे जाते? तालुक्याच्या गावी म्हाताऱ्या माणसांसाठी एक नवी इमारत झाली आहे. प्रत्येक खोलीत मदतीला बोलावण्यासाठी ओढायला एक लाल दोरी आणि खिडकीतून दिसायला दुसऱ्या खोलीची खिडकी. वीब्रेनने तिथली एक खोली वर्षापासून हेरून ठेवली होती. कारण तेवढं मिळत नव्हतं.

कारण मिळालं ते खोकल्यामुळे. नेमकं सांगायचं तर, खोकला थांबल्यामुळे.

आमच्या चर्चमध्ये दर गुड फ्रायडेला येशूच्या शेवटच्या दिवसांचं मोठं गायन होतं. आत्या खालच्या पट्टीतल्या बायकांच्या रांगेत उभी राहते, मी पुरुषांच्या सर्वांत खालच्या पट्टीत, जिथे आवाजापेक्षा डोकी मोजतात. गायन संपल्यावर टाळ्या वाजवायच्या नाहीत, असा रिवाज आहे. लोक गप्प उठतात, गप्प कोट चढवतात आणि गप्प सायकली काढतात. अशा ठिकाणी खोकणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. आमचा संचालक सीब्रांड वयाने चाळिशीचा, शहरात शिकलेला, आणि त्याच्या मते खोकला हा आजार नसून स्वभाव आहे.

जानेवारीत सगळ्या गावाला फ्लू झाला. सगळ्या गावाचा गेला, आत्याचा खोकला मागे राहिला. एका बुधवारी सरावात, नेमकी हळू ओळ चालू असताना तो बाहेर पडला. सीब्रांडने हातातली छडी खाली केली.

"कुणाचा होता हा?"

"माझा," आत्या म्हणाली. "घरचाच आहे."

कुणी तरी हसलं. सीब्रांड हसला नाही. "आफ्केबाई, गुड फ्रायडेला त्याला घरीच ठेवा. जमणार नसेल तर तुम्हीही घरी राहा. तीन तासांचं काम आहे आणि त्यात खोकल्यासाठी एकही सूर लिहिलेला नाही."

आत्या डॉक्टरांकडे गेली. आमचे डॉक्टर म्हणाले, छाती साफ आहे, दोन आठवड्यांत आपोआप जाईल. नाही गेला तर दोन आठवड्यांनी या. आमच्याकडे डॉक्टरी ती हीच, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा ती बरोबर असते. पण आत्याला दोन आठवडे थांबायचं नव्हतं. ती शेजारच्या गावातल्या दुकानात गेली.

खोकला दाबायचं औषध आमच्याकडे चिठ्ठीशिवाय मिळतं, शाम्पूच्या शेजारच्या फळीवर. गल्ल्यावरची मुलगी एकच प्रश्न विचारते, "हे औषध तुमच्या माहितीतलं आहे का?" आणि आमच्यातला प्रत्येक माणूस "हो" म्हणतो. "नाही" म्हटलं, तर ती समजावून सांगणार, मागची रांग खोळंबणार आणि रांगेतल्या लोकांना आपल्या कफाचा सगळा वृत्तांत कळणार. त्यापेक्षा माणूस "हो" म्हणतो आणि पुढचं देवावर सोडतो.

आत्या "हो" म्हणाली. खोटं नव्हतं ते. तशी बाटली डौवे असताना न्हाणीघरातल्या कपाटात असायची. काही दिवसांनी, झोपेतही खोकला येऊ नये म्हणून, तिने दुसऱ्या फळीवरच्या निळ्या खोक्यातल्या कॅप्सूल घेतल्या. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा "हो".

खोकला थांबला. पुढच्या सरावाला आत्या इतकी शांत उभी राहिली की सीब्रांडने तिच्याकडे पाहून मान डोलावली. त्यावर, सराव संपल्यावर, सगळ्यांच्या देखत, आत्या त्याला म्हणाली, "किती सुंदर शिकवतोस रे तू!"

सीब्रांडचा चेहरा पांढरा पडला. तिला ओळखत होता तो.

मग एकेक दिसायला लागलं. आमचं चर्च बर्फासारखं गार, आणि आत्याच्या कपाळावर घाम. पानं उलटताना हात थरथरायचा. डोळ्यांच्या बाहुल्या मांजरीसारख्या मोठ्या. फरशी जहाजासारखी हलते, असं तिने मला सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे, कौतुकाने. एका बुधवारी ती सायकलवर आली आणि चालत घरी गेली. कुंपणावरून ज्या शेजाऱ्याशी तिचं डौवे असल्यापासून वाजत होतं, त्याला तिने हवं तेवढं कुंपण छाटून टाक म्हणून सांगितलं. शेजारी बिचारा घाबरून माझ्याकडे आला. म्हणाला, "हार्मेन, तिला काही झालंय का? मी आता कुणाशी भांडू?"

मार्चमध्ये तिच्या वाढदिवसाला वीब्रेन आला. आम्ही सगळे रिवाजाप्रमाणे भिंतीला पाठ लावून गोलात बसलो. आमच्याकडे वाढदिवसाला सगळेच एकमेकांचं अभिनंदन करतात; आत्याने सगळ्यांचं केलं आणि थोड्या वेळाने पुन्हा पहिल्यापासून केलं. डबा फिरला. परत फिरला. तिसऱ्यांदा फिरला तेव्हा बिस्किटं चावायचीही कुणाची हिंमत होईना. वीब्रेन माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाला, "किती दिवस चाललंय हे?"

"फ्लू झाल्यापासून. जरा थकलीय."

"थकलेला माणूस डबा बंद करतो, हार्मेन."

मी माझं तिसरं बिस्किट खिशात टाकलं.

त्याने नगरपालिकेला फोन केला. आमची नगरपालिका म्हाताऱ्या माणसाला कचेरीत बोलावत नाही. त्याच्याच स्वयंपाकघरात येऊन, त्याच्याच टेबलाशी बसून, त्याचीच कॉफी पीत, त्याला एकट्याला झेपतं की नाही हे ठरवते. याला माणुसकी म्हणतात. "झेपत नाही" असं ठरलं की लाल दोरीची खोली मिळायचा रस्ता मोकळा होतो. मग मुलगा समजावतो, भाचा गप्प बसतो, आणि माणूस सही करतो.

बाई आल्या त्या मार्लूस नावाच्या. चाळिशीच्या आसपासच्या, गळ्यात मोठा रुमाल, हातात छोटा संगणक, आवाज मधासारखा. टेबलाशी आत्या, वीब्रेन, त्या आणि किल्लीवाला नातलग म्हणून मी.

"तुम्ही मला ओळखलं नसेल," मार्लूस म्हणाल्या. "तुम्ही मला पहिल्यांदा नापास केलं होतं."

"असेल, असेल," आत्या हसून म्हणाली. "बिस्किट घे."

तिथेच वीब्रेनने माझ्याकडे पाहिलं. आत्या आजवर एकही नापास विसरली नव्हती.

"आज वार कोणता, बाई?"

"मंगळवार," आत्या म्हणाली. बरोबर होतं, पण उत्तर यायला एवढा वेळ लागला की बुधवार जवळ आल्यासारखं वाटलं.

"स्वयंपाक तुम्हीच करता?"

"हो. हे टेबल आज जरा लांब वाटतंय का गं तुला?"

मार्लूसनी टेबलाकडे पाहिलं. टेबल होतं तेवढंच होतं. त्यांची बोटं संगणकावर चालायला लागली. आणि मग आत्याने डबा उचलला, उघडला आणि दुसऱ्यांदा त्यांच्यापुढे धरला. बोटं थांबली. नंतर ती दुप्पट वेगाने चालायला लागली.

जाताना मार्लूस म्हणाल्या, "ईस्टरनंतर मी एकदा येईन, मग पक्कं करू." वीब्रेनने आईचा हात हातात घेतला. "आई, तिथे बाग आहे. मे महिन्यात खोली मिळतेय. तुला आवडेल."

"बरं," आत्या म्हणाली.

ते "बरं" ऐकून मला बिस्किटापेक्षा जास्त भीती वाटली. डौवेला कबरीत ठेवताना पाद्री म्हणाला होता, देवाची इच्छा. तेव्हाही आत्या "बरं" म्हणाली नव्हती. "का?" म्हणाली होती.

मग वादळ आलं. आमच्याकडे वादळाचं कुणाला काही वाटत नाही, पण या वेळी बांधावरचा रस्ता बंद झाला आणि शेजारच्या गावाला जायची सोय उरली नाही. आत्याची बाटली संपली होती, कॅप्सूलही संपल्या होत्या. वारा उतरला त्या दिवशी सकाळी मी वर्गात जायला निघालो होतो, तेवढ्यात फोन वाजला.

"हार्मेन! माझी सायकल कुणी चोरली?"

आवाज घोगरा, मधे खोकल्याची उबळ, आणि राग. असा झकास राग मी कित्येक आठवड्यांत ऐकला नव्हता.

"चर्चपाशी आहे, आत्या. तूच ठेवलीस."

"कधी?"

"झाले बरेच दिवस."

"आणि पावसात गंजू दिलीस? तुला डोळे कशाला दिलेत देवाने? इकडे ये. आणि त्या कुंपणाला काय झालंय? कुणी कापलं ते?"

शाळा संपल्यावर गेलो. तिने टेबलावर रिकामी बाटली, निळं खोकं आणि सकाळच्या गोळ्यांची डबी शेजारी शेजारी मांडली होती, आरोपी उभे करावेत तशी. ती भिंग घेऊन बसली होती.

"बस. चार दिवस औषध नाही, आणि चार दिवसांत टेबल परत आपल्या जागेवर आलं. मला वाटलं, वाऱ्याने आलं असेल. मग म्हटलं, बघू तरी. हे वाच. बाटलीवर नाव वेगळं, खोक्यावर नाव वेगळं. आता आत काय आहे ते वाच."

मी वाचलं. लांबलचक नाव होतं, दोन्हीकडे तेच.

"म्हणजे मी एकच औषध दोनदा घेत होते. एक तांबड्या रंगाचं, एक निळ्या रंगाचं. एवढं सगळं मला कळलं. पण एवढ्यानेच होईल असं वाटत नाही मला. फोन लाव त्या औषधवाल्याला, शहरातल्या. जिथून माझी सकाळची गोळी येते, त्याला."

लावला. आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. पलीकडच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं.

"बाई, ही गोळी चालू असताना तुम्ही ते दोन्ही घेत होता?"

"घेत होते."

"तुमची सकाळची गोळी या खोकल्याच्या औषधाला शरीरातून बाहेर पडू देत नाही. ते साठत जातं. चक्कर, घाम, थरथर, गोंधळ, नसत्या गोष्टी दिसणं. आणखी थोडं झालं असतं तर थेट इस्पितळात गेला असता. तुम्हाला दुकानात कुणी काही विचारलं नाही?"

"विचारलं. माहितीतलं आहे का म्हणून."

"मग?"

"मी हो म्हणाले."

पलीकडे एक दीर्घ श्वास ऐकू आला. "सगळे हो म्हणतात," तो म्हणाला. "आजच डॉक्टरांना दाखवा. आणि सकाळची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका."

आत्याने फोन बंद केला. खोकली. भिंग घडीच्या रुमालावर ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. तिच्या बाहुल्या आता टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या.

"म्हणजे मला वेड लागलं नव्हतं, हार्मेन. मी फक्त खोकत नव्हते."

"हो, आत्या."

"शाबूत डोकं आणि गप्प छाती, दोन्ही मिळत नाही म्हणायचं. ठीक आहे. मी खोकेन."

डॉक्टरांनी तिला तपासलं, भुवया उंचावल्या, औषधवाल्याचं म्हणणं बरोबर आहे म्हणाले, आणि खोकला दोन आठवड्यांत आपोआप जाईल असंही म्हणाले.

मला वाटलं, आता संपलं. पण वीब्रेनला फोन केल्यावर कळलं, संपलेलं नाही.

"आई, प्रत्येकाला काही तरी कारण सापडतं," तो समजूतदार आवाजात म्हणाला. हा त्याचा कामाचा आवाज. "आणि समजा खरं आहे. तू दोन औषधं एकत्र घेतलीस, सकाळच्या गोळीचा विचार केला नाहीस, मरता मरता वाचलीस. यावरून काय दिसतं? एकटीला झेपत नाही, हेच ना?"

मी मनात म्हटलं, मुद्दा बिनतोड आहे. आत्याने नुसतं नाक शिंकरलं.

"तुला त्या दुकानात कधी विचारलं असेल ना, वीब्रेन? माहितीतलं आहे का?"

"विचारतात सगळ्यांना."

"तू काय सांगतोस?"

त्याने दुसरा फोन येतोय म्हणून सांगितलं.

"मी विचारतेय, तू काय सांगतोस."

"हो म्हणतो."

"मग चल की. दोन खोल्या घेऊ, शेजारी शेजारी. तू तुझी दोरी ओढ, मी माझी ओढते."

तो चिडला. म्हणाला, ईस्टरनंतर त्या बाई येतील, त्यांनाच ठरवू दे. आत्या म्हणाली, येऊ दे. आणि फोन ठेवून तासभर इतकी खोकली की खिडकीबाहेरचा बगळा उडाला.

गुड फ्रायडेच्या आधीचा शेवटचा सराव. आत्या आपल्या जागी उभी. पहिल्याच पानाला खोकला. सीब्रांडने छडी खाली केली.

"आफ्केबाई, मागे तुम्ही काही तरी औषध घेत होता. फार गुण आला होता."

"आला होता. त्या गुणात मी तुझी स्तुती केली होती."

मागच्या बाकावरचा एक जण हसता हसता स्वतःच खोकला. सीब्रांड लाल झाला.

"हे गंभीर काम आहे. इथे शांतता हवी."

"शांतता हवी तिथे मी शांतच राहीन. जमेल तेवढी. पण गर्दी ओरडते ती पानं आहेत ना, सुळावर द्या म्हणून? सगळं जेरुसलेम रस्त्यावर उतरलंय, धूळ उडतेय, वसंतातले गार वारे. त्या एवढ्या गर्दीत एकालाही खोकला नव्हता? मी तिथे खोकेन. साठवून ठेवेन आणि तिथे सोडेन."

"संगीतात तसं लिहिलेलं नाही!"

"संगीतात तू पण लिहिलेला नाहीस, तरी मधोमध उभा राहतोस."

सीब्रांडने तिच्या रांगेकडे पाहिलं. तिच्याशिवाय तिथे ज्या बायका उरत होत्या, त्यांतली एक सूर धरण्याऐवजी शेजारणीला धरून गायची, आणि ती शेजारीण म्हणजे आत्या. त्याने छडी उचलली. "पहिल्यापासून," तो म्हणाला.

गुड फ्रायडेला चर्च खचाखच भरलं होतं. वीब्रेन आला होता, तिसऱ्या रांगेत, आईकडे लक्ष ठेवून. आत्याने शब्द पाळला. गर्दीच्या पानांना ती अशी खोकली की त्या ओरडण्याला प्रथमच जीव आला. माझ्या पुढचा माणूस नंतर म्हणाला, अंगावर काटा आला. पण मग ती जागा आली, जिथे येशूचा प्राण जातो आणि सगळे थांबतात. सूर नाही, पान उलटणं नाही. अख्खं गाव श्वास रोखून. आणि त्यात आत्याचा खोकला.

एकच. कोरडा. छतापर्यंत गेला आणि खाली आला.

तीनशे माना वळल्या. सीब्रांडने तिच्याकडे पाहिलं. आम्ही अर्धगोलात उभे असतो, त्यामुळे आत्याचा चेहरा मला दिसत होता. सिग्नल न देता वळणाऱ्या माणसाकडे तिने आयुष्यभर ज्या नजरेने पाहिलं, त्याच नजरेने तिने सीब्रांडकडे पाहिलं. त्यानेच डोळे खाली घातले. गायन पुढे चालू झालं. तिने पुढची ओळ बरोबर जागी उचलली, आणि शेजारणीने तिला धरून.

बाहेर वीब्रेन सायकलींपाशी उभा होता. "सगळ्यांनी ऐकलं, आई."

"मग? कानच असतात त्यासाठी."

ईस्टर झाल्यावर मार्लूस आल्या. तेच टेबल, तीच माणसं. आत्याचा खोकला बराचसा ओसरला होता. डॉक्टर बरोबर होते, जरा उशिराने. आत्याने कॉफी ओतली, डबा उघडला, एकदा फिरवला. प्रत्येकाने एक घेतलं. टक्.

तो आवाज ऐकून मार्लूसनी मान वर केली.

"मागच्या वेळी तू म्हणालीस की मी तुला नापास केलं," आत्या म्हणाली. "अर्धवट आठवत होतं, म्हणून बोलले नाही. निळी गाडी. सर्कलमधून बाहेर पडताना तू उजव्या खांद्यावरून मागे पाहिलं नाहीस. सायकलवर एक बाई होती, कोबी घेऊन. ब्रेक मी दाबला."

मार्लूसचा कप हवेतच राहिला. "कोबी," त्या म्हणाल्या. "हो. कोबी होता."

"ती बाई अजून आहे. परवाच चर्चमध्ये भेटली."

"मी घरी जाऊन रडले होते, बाई. पण तेव्हापासून दरवेळी पाहते. आज इथे येतानाही पाहिलं."

"ते दिसलं मला खिडकीतून."

वीब्रेन खाकरला. "आठवणीचं ठीक आहे. प्रश्न औषधांचा आहे. उद्या पुन्हा असंच काही झालं तर?"

मार्लूसनी आत्याकडे पाहिलं. "हा प्रश्न मला विचारावाच लागेल."

"विचार ना. गल्ल्यावर मी आता 'नाही' म्हणते. परवा साध्या गोळ्या घ्यायला गेले तेव्हाही म्हटलं. पोरगी गोंधळली, तिला उत्तर पाठ नव्हतं, तिने आतून कुणाला तरी बोलावलं. मी माझ्या सगळ्या गोळ्या मोठ्याने सांगितल्या. रांग दारापर्यंत गेली. आता अख्ख्या पंचक्रोशीला माझ्या मनाचं आणि कफाचं माहीत आहे. माझ्या मागचा म्हातारा म्हणाला, बाई, उरका. मी म्हटलं, थांबा, तुम्हालाही विचारणार आहे ती, आणि तुम्हीही 'नाही' म्हणा. आणि तो म्हणाला!"

मार्लूस हसल्या. मग संगणकावर काही तरी टाईप केलं, वीब्रेनकडे पाहिलं, आणि मधाचा आवाज बाजूला ठेवून म्हणाल्या, "एकटीला झेपतं. उत्तम झेपतं. मला आणखी काही लिहायचं नाही."

वीब्रेनने मोठा श्वास सोडला. त्यात राग होता, पण सुटकाही होती, हे मी त्याच्या बाजूने सांगायला हवं. तो शेवटी आफ्के आत्याचाच मुलगा आहे.

मी कोट शोधायला उठलो. तेवढ्यात आत्याने डबा ओढला, झाकण काढलं आणि टेबलाच्या मधोमध धरला.

कुणी हललं नाही.

"आई," वीब्रेन कळवळून म्हणाला, "आत्ताच सगळं ठरलंय. कशाला?"

"माझं घर आहे. माझा डबा आहे. माझं डोकंही माझ्याकडे आहे, हे आत्ताच लिहून झालंय. मला वाटतंय म्हणून देतेय. घे."

"मला नको. मला गाडी चालवायचीय."

डबा मार्लूसकडे वळला. आत्या वाट बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर गोड असं काहीही नव्हतं. मार्लूसनी संगणक बंद केला. मग सवयीने एकदा उजव्या खांद्यावरून मागे पाहिलं, तिथे फक्त फ्रीज होता, आणि दुसरं बिस्किट उचललं.